अर्धं डुक्कर म्हणजे वाटा, चॉप्सची खरेदी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणारं चौघांचं कुटुंब. ती मडगावची, तो कोल्हापूरचा. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या बाजूचा एक शेतकरी कुरणावर वाढवलेलं अर्धं डुक्कर ‘पौंडाला साडेचार डॉलर’ भावाने द्यायला तयार आहे. सुपरमार्केटात चॉप्स, म्हणजे पाठीचे हाडासकट काप, तीन डॉलरला मिळत असताना हे परवडतं का? ‘कुरणावरचं’ यावर विश्वास कसा ठेवायचा? फ्रीजर केवढा लागेल? आणि सोर्पोतेलासाठी, म्हणजे डुकराचं मटण-कलेजी घालून केलेल्या गोव्याच्या आंबट-तिखट कालवणासाठी, चामडीसकट मटण, कलेजी, रक्त मिळेल का?

मी मूळची वसईची. गेली चौदा वर्षं दर हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही तीन-चार घरं मिळून शेतकऱ्याकडून डुक्कर घेतो. त्यातले दोन मोसम मी शनिवार-रविवार एका छोट्या खाटकाकडे पॅकिंगच्या टेबलावर उभी होते. त्यामुळे ग्राहकाची आणि काउंटरपलीकडची, दोन्हीकडची कुरकुर ऐकलेली आहे.

आधी भावाकडे वळू, कारण तुमचा गोंधळ तिथेच आहे आणि तो सगळ्यांचाच होतो. डुकराची वजनं तीन. एक जिवंत वजन. दुसरं हँगिंग वेट, म्हणजे कापून, आतडी-कोठा काढून, धड आकड्याला टांगल्यावरचं. तिसरं तुमच्या डब्यातून घरी येतं ते. साडेचार डॉलर यातल्या कुठल्या वजनावर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. बहुतेक शेतकरी हँगिंगवर सांगतात. काही जिवंत वजनावर सांगतात आणि ते ऐकायला स्वस्त वाटतं.

समजा डुक्कर २६५ पौंडांचं आहे. टांगल्यावर त्याचं साधारण ७२ टक्के उरतं, म्हणजे १९० पौंड. अर्ध्याचे झाले ९५. त्यातून हाडं, कातरलेली चरबी, घट वजा होऊन हाती ६५ ते ७० पौंड येतात. आपण ६७ धरू. आता पैसे मांडा. शेतकऱ्याला ९५ गुणिले साडेचार, म्हणजे ४२७ डॉलर ५० सेंट. खाटकाचे वेगळे: मारण्याचे ६० धरले तर तुमच्या वाट्याला ३०, कापून बांधायचे हँगिंगच्या पौंडाला १ डॉलर, म्हणजे ९५, बेकन (पोटाचा पट्टा) आणि हॅम (मांडी) मुरवून धुरवायला २२ पौंडांवर सव्वा डॉलरप्रमाणे साडेसत्तावीस. बेरीज ५८०. भागिले ६७, म्हणजे पौंडाला जवळपास ८ डॉलर ६५ सेंट. खाटकाचे दर मी हिशेब कळावा म्हणून धरलेत. तुमच्याकडचे विचारून घ्या, पण मांडणी हीच ठेवा. आणि दुसरा कुणी ‘जिवंत वजनावर तीन डॉलर’ म्हणाला तर तो दीडपट स्वस्त नाही: २६५ चे तीनप्रमाणे ७९५, त्याचे अर्धे केले तर हँगिंगवर ते ४ डॉलर १८ सेंटच्या आसपास जातं.

म्हणजे दुकानातल्या तीन डॉलरच्या चॉप्ससमोर हे महागच आहे. कुणी ‘घाऊक घेतलं म्हणजे स्वस्त पडतं’ म्हणून सांगत असेल तर त्याने खाटकाचं बिल मोजलेलं नाही. पण तुलनाही चुकीच्या वस्तूशी होतेय. दुकानातल्या स्वस्त पोर्कच्या पाकिटावर बारीक अक्षरात किती टक्के मिठाचं पाणी टोचलंय ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. तव्यावर टाकलं की ते उकळायलाच लागतं. तुलना करायची तर शेतकरी बाजारात सुटं विकल्या जाणाऱ्या कुरणाच्या मटणाशी करा. तिथे चॉप्सचा आणि बेकनचा भाव विचारलात की साडेआठ फार वाटणार नाहीत.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. तुम्ही पौंडाने मटण घेत नाही आहात, वाटा घेत आहात.

वसईत आमच्या लहानपणी नाताळच्या आठवड्यात चार-पाच घरांत मिळून एक डुक्कर व्हायचं. केळीच्या पानांवर वाटे घालत. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, थोडं पोट, चिमूटभर कलेजी, चरबीचा एक गोळा. मग कुणातरी पोराला पाठ करून उभं करायचं, एका वाट्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘हा कुणाचा?’ पोरगं नाव घेईल त्याचा तो वाटा. ‘मला नुसती पाठ द्या’ असं कुणी म्हणायचं नाही, कारण डुकराला पाठ एकच असते. घाटावर बकऱ्याचे वाटे पडतात त्याची रीतही हीच. कोल्हापूरच्या माणसाला हे मी काय सांगणार!

अमेरिकेत अर्धं डुक्कर घेणारा माणूस फसतो तो इथेच. त्या ६७ पौंडांत चॉप्स जेमतेम १४ पौंड, म्हणजे पाचवा हिस्सा. मांडी १६, खांदा १५, पोटाचा पट्टा ८, बरगड्या ४, खिमा किंवा सॉसेज ८ आणि ढोपरं दोनेक पौंड. हे आकडे खाटीक कसा कापतो त्यावर हलतात, पण ढाचा हाच. चॉप्स आणि बेकनवरच जीव असलेलं घर फेब्रुवारीपर्यंत तेवढं संपवतं आणि मग खांद्याच्या पाकिटांकडे बघत बसतं. उलट इंद्याल (व्हिनेगरातलं तिखट कालवण), सोर्पोतेल, सुकं, रस्सा ज्या घरात होतो त्याला खांदा म्हणजे सोनं. मला कुणी चॉप्सच्या बदल्यात खांदा दिला तर मी डोळे मिटून घेते. आपल्या स्वयंपाकाला हा व्यवहार अमेरिकन स्वयंपाकापेक्षा जास्त मानवतो, हे माझं चौदा वर्षांचं ठाम मत.

आता कुरण. डुक्कर गाईसारखं रवंथ करणारं जनावर नाही, त्याचं पोट आपल्यासारखं. नुसत्या गवतावर ते वाढत नाही. त्यामुळे ‘शंभर टक्के गवतावर’ वाढवलेलं डुक्कर कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. शेडमधल्या डुकराला एक पौंड वजन चढायला साधारण तीन पौंड खाणं लागतं. मोकळ्यावर त्याहून थोडं जास्त, कारण ते हिंडतं आणि थंडीत अंग ऊब ठेवायला खातं. हे खाणं मुख्यतः मका आणि सोयाबीन. कुरणातून त्याला मिळतं ते गवत-क्लोव्हर, मुळं, किडे, पडलेली फळं, ओकची बोंडं आणि नाक खुपसायला माती. ते नाक खुपसणं हाच डुकराचा जन्माचा धंदा. तो करायला मिळतो का, हे खरं बघायचं.

‘पाश्चर-रेझ्ड’ या शब्दामागे एकच सरकारी मोजमाप आहे असं समजू नका. ‘नॅचरल’ या शब्दाचा तर जनावर कसं वाढवलं याच्याशी संबंधच नाही. तो मटणावर नंतर काय प्रक्रिया केली त्याबद्दल आहे. आणि ‘हार्मोन दिलेले नाहीत’ अशी जाहिरात बघून खूश होऊ नका. अमेरिकेत डुकरांना वाढीसाठी हार्मोन द्यायला परवानगीच नाही, त्यामुळे ते कुणीच देत नाही. विचारायचंच तर रॅक्टोपमीनबद्दल विचारा. ते हार्मोन नव्हे, पण मांस चढवायला खाण्यात मिसळतात. इथे चालतं, युरोपात बंदी आहे. छोट्या शेतावर बहुधा ‘नाही’ असंच उत्तर येईल, पण विचारल्यावर शेतकऱ्याला कळतं की समोरचा अगदीच नवखा नाही.

शेतावर जा, जमल्यास पाऊस पडून गेल्यावर जा. उन्हात सगळीच शेतं चित्रासारखी दिसतात. पावसानंतर जर सगळा तुकडा गुडघाभर चिखल असेल आणि हिरवं फक्त कुंपणाबाहेर असेल, तर ते कुरण नाही, उघड्यावरचं शेड आहे. चांगल्या शेतावर विजेच्या तारेचं हलतं कुंपण दिसेल, एक तुकडा उकरलेला, शेजारचा पुन्हा उगवत असलेला. विचारा: डुकरं एका तुकड्यावर किती दिवस? त्या जागी परत कधी येतात?

हे मी सौंदर्यासाठी विचारायला सांगत नाही, तुमच्या सोर्पोतेलासाठी सांगतेय. डुकराच्या पोटातल्या मोठ्या गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. वर्षामागून वर्षं त्याच वाफ्यात डुकरं ठेवली की नवी पिल्लं ती अंडी खातात, अळ्या कलेजीतून प्रवास करतात आणि कलेजीवर पांढरे ठिपके पडतात. खाटीक त्याला ‘मिल्क स्पॉट’ म्हणतात. सरकारी तपासणी असलेल्या ठिकाणी अशी कलेजी बाद होते. म्हणून माझा शेतकऱ्याला पहिला प्रश्न असतो: गेल्या वर्षी तुमच्या डुकरांच्या कलेज्या पास झाल्या का? एका वाक्यात शेताची जमीन, जंतांचं औषध, फिरवाफिरव, सगळं कळतं. ज्याला हे सांगता येत नाही तो एक तर कलेजी कधी बघत नाही, नाहीतर बघून गप्प बसतो.

दुसरा प्रश्न नराबद्दल. नर पिल्लं खच्ची केलेली आहेत ना? न केलेल्या मोठ्या नराच्या मटणाला, विशेषतः चरबी तापल्यावर, एक उग्र वास येतो. सगळ्यांना येतो असंही नाही, काहींच्या नाकाला तो जाणवतच नाही, पण ज्याला येतो त्याचं जेवण संपलं. आमच्या तिसऱ्या वर्षी तसं एक वाट्याला आलं होतं. मी आमचा वसईचा बॉटल मसाला दुप्पट घातला, व्हिनेगर ओतलं, काही उपयोग झाला नाही. नवरा म्हणाला, मला तर छान लागतंय. ते अख्खं त्यानेच संपवलं.

जातीबद्दल लोक फार बोलतात. बर्कशायर, ड्युरॉक, टॅमवर्थ, ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट्स ही नावं ऐकाल. ती पुस्तकातली नाहीत, मटणात फरक पडतो. पण पहिल्यांदा घेताना एवढंच लक्षात ठेवा की जुन्या जातींना चरबी जास्त चढते आणि वाढायलाही वेळ जास्त लागतो. शेडमधलं डुक्कर साधारण सहा महिन्यांत तयार होतं, जुन्या जातीचं कुरणावर आठ-दहा महिने घेतं. मंगालित्सा नावाची लोकरवाली जात आहे, ती वर्षाच्या वर घेते आणि म्हणाल तर चरबीचाच डोंगर. मुलांना चरबी चालत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. टॅमवर्थ किंवा ड्युरॉकचा संकर घ्या.

कायद्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक केली तर पस्तावाल. अमेरिकेत मटण सुटं विकायचं तर तपासणी झालेल्या कत्तलखान्यातूनच यायला लागतं. अर्धं-पाव डुक्कर घेणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे, तिला ‘कस्टम’ म्हणतात. तिथे प्रत्येक जनावराच्या वेळी निरीक्षक उभा नसतो. कायद्याच्या नजरेत तुम्ही जिवंत डुकराचे मालक असता आणि खाटीक तुमचं जनावर तुमच्यासाठी कापतो. म्हणून व्यवहार डुक्कर जिवंत असतानाच व्हायला हवा, आणि पाकिटांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का येतो. ते मटण तुमच्या घरच्यांसाठी, फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ जेवणाला तिकीट लावून त्याचं इंद्याल वाढता येत नाही. आमच्यातल्या एकीने तसा बेत केला होता, वेळीच थांबवली. मैत्रिणीला नंतर ‘थोडं विकत’ देणंही बसत नाही. तिला हवं असेल तर सुरुवातीपासून तिचं नाव मालकांत घाला आणि शेतकऱ्याकडून पावतीवर सगळी नावं लिहून घ्या. तुमचा शेतकरी तपासणीवाल्या ठिकाणी नेत असेल तर उत्तम, थोडे पैसे जास्त पडतील. मी पहिल्या वर्षी तेच करा म्हणेन. कस्टममध्ये कलेजी कुणी बघितलेली नसते, ती पारखणं तुम्हाला जमायला हवं.

आता कट शीट. तुमचं डुक्कर कसं कापायचं ते लिहून द्यायचा हा खाटकाचा फॉर्म, आणि अख्ख्या व्यवहारातली सर्वात महत्त्वाची दहा मिनिटं. लोक तो गाडीत बसून फोनवर भरतात. मीही पहिल्या वर्षी तसाच भरला. ‘खिमा की सॉसेज’ याची चौकट रिकामी ठेवली, तर त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे सेज नावाचा वासाचा पाला आणि साखर घातलेलं नाश्त्याचं सॉसेज करून ठेवलं. साखरेच्या खिम्याचं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तर, चामडी. तुमच्या प्रश्नातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आणि नेमकी हीच फॉर्मवर नसते. इथले बरेच छोटे खाटीक डुक्कर गरम पाण्यात घालून केस काढत नाहीत, सरळ सोलतात. सोलणं त्यांना सोपं पडतं. एकदा सोललं की चामडी गेली. इंद्यालाला, सोर्पोतेलाला, नुसत्या मिठावरच्या उकडीलासुद्धा चामडी नसेल तर रस्सा पातळ आणि मन खट्टू. म्हणून तारीख घेतानाच विचारायचं: तुम्ही स्कॉल्ड करता का, स्किन करता? स्किन करत असतील तर शेतकऱ्याला दुसरा खाटीक आहे का विचारा. आम्ही यासाठी पाऊण तास लांबचा खाटीक धरलाय. पोट आणि खांदा चामडीसकट सांगा. बेकन करणार असाल तर त्या पट्ट्यावरची काढू द्या.

कलेजी, दिल, गुर्दे, जीभ, ढोपरं, पाय, मुंडी आणि आतली पानचरबी (गुर्द्यांभोवतीची मऊ चरबी), हे सगळं स्पष्ट लिहून मागा. न मागितलं तर बरंचसं टाकलं जातं, आणि ते तुमच्या पैशातलंच आहे. वर ६७ पौंडांचा जो हिशेब केला त्यात यातलं ढोपरं सोडून काहीच धरलेलं नाही. सगळं घेतलंत तर पौंडाचा भाव बराच उतरतो. रक्त मात्र माझ्या दोन्ही खाटकांनी कधी दिलं नाही, आणि मीही आता मागत नाही. सोर्पोतेलात कलेजी थोडी जास्त घालते, बारीक कापून. मडगावची मंडळी नाक मुरडतील, त्यांनी मुरडावं.

मांडीबद्दल विचारतील: मुरवलेलं हॅम की ताजी? आपल्याला ताजी, दोन-तीन पौंडांच्या तुकड्यांत. एक हॅम इस्टरला मुरवून घ्या, हवं तर. खांदा हाडासकट मोठ्या तुकड्यांत घ्या आणि घरी कापा. ‘करीसाठी तुकडे’ म्हटलं तर अमेरिकन खाटीक एक तर बिनहाडाचे चौकोनी देतो, नाहीतर करवतीने हाडं कापतो आणि रश्श्यात हाडाचा भुसा येतो. खिमा साधा, काहीही न घातलेला, एक-एक पौंडाच्या पाकिटात. चॉप्स एक इंच जाड, पाकिटात चार, कारण तुम्ही चौघं आहात. पाऊण इंचाचे पातळ चॉप्स कुरणाच्या डुकराचे करू नयेत, ते कोरडे होतात.

पाकिटं शक्यतो हवा काढून बांधलेली मागा. कागदात बांधलेलंही टिकतं, पण थंडीने वाळतं लवकर. हाडाचं टोक प्लॅस्टिकला भोक पाडतं, त्यामुळे घरी आल्यावर एकेक पाकीट हातात घेऊन बघा. ज्यात हवा शिरलीय ती पुढे ठेवा, आधी संपवा. फ्रीजरचा हिशेब सोपा: एका घनफुटात सुमारे ३५ पौंड. तुमचा अर्धा वाटा दोन घनफुटांत कोंबला जाईल, मुंडी-चरबी धरून तीन. पाच घनफुटांचा छोटा चेस्ट फ्रीजर घ्या म्हणजे मटाराला आणि आंब्याच्या रसालाही जागा उरेल. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर भिस्त ठेवू नका. दार सारखं उघडतं, आणि डुकराची चरबी गाईच्या चरबीपेक्षा लवकर खवट होते. शून्य फॅरनहाइटला ठेवलेलं मटण बिघडत नाही, चव मात्र उतरते. मी खिमा आणि सॉसेज तीन-चार महिन्यांत संपवते, धुरवलेलं बेकन त्याहून आधी, तुकडे आणि चॉप्स पुढच्या पावसाळ्यापर्यंत. इथे पावसाळा नसतो, सवयीने लिहिलं, जूनपर्यंत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोकळ्यावरच्या डुकराला उंदीर, मेलेलं जनावर तोंडाला लागू शकतं, आणि त्यातून ट्रिकिनेला नावाचा मांसातला जंत येऊ शकतो. शेडमधल्या अमेरिकन डुकरांत तो जवळपास दिसत नाही, बाहेरच्यांत धोका थोडा जास्त. शिजवलं की संपलं: अख्खे तुकडे आतून १४५ फॅरनहाइट आणि वर तीन मिनिटं थांबणं, खिमा १६०. २०११ पर्यंत अख्ख्या तुकड्यांनाही १६०च सांगत, म्हणून जुन्या पिढीचे चॉप्स चपलेसारखे. आपला रस्सा तासभर शिजतो, तिथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे चोरिसांचा, म्हणजे गोव्याच्या वाळवलेल्या सॉसेजचा. व्हिनेगर, मीठ, धूर, उन्हात वाळवणं, यातल्या कशानेही हा जंत नक्की मरतो असं नाही. म्हणून चोरिसांसाठीचं मटण सहा इंचांपेक्षा पातळ तुकड्यांत ५ फॅरनहाइटला २० दिवस गोठवून मगच कापा, आणि फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवून खात्री करा. डायलवरच्या आकड्याला भुलू नका. तरीही चोरीस शिजवूनच खा.

वेळेचं गणित उरलं. पिल्लं वसंतात येतात, डुकरं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होतात. चांगल्या शेतकऱ्याकडचे वाटे एप्रिल-मेमध्येच अनामत घेऊन बांधले जातात. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतर हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि सगळे छोटे खाटीक हरणांखाली गाडले जातात. त्या पंधरवड्यातली तारीख घेऊ नका, घाईत कापलेलं दिसतं. २०२० च्या उन्हाळ्यात, मोठे कत्तलखाने कोविडने बंद पडले तेव्हा, छोट्या खाटकांच्या तारखा पुढच्या वर्षात गेल्या होत्या. त्या वेळी ज्यांची ओळख होती त्यांचंच डुक्कर कापलं गेलं. म्हणून खाटकाला नाताळला डबाभर करंज्या नेऊन देते मी. तो त्यांना ‘स्वीट सामोसा’ म्हणतो, चालायचंच.

शेतावर जाताना दोन शिस्ती. भारतात जाऊन आला असाल आणि तिथे गावाकडे डुकरांच्या, गुरांच्या जवळ गेला असाल, तर शेतकऱ्याला आधी सांगा आणि त्या चपला घालून जाऊ नका. आणि मुलांना डब्यातलं चिकन-मटण डुकरांना टाकू देऊ नका. आपल्याकडे ते प्रेम समजतात. इथे डुकरांना मांसाचं उष्टं न शिजवता घालण्यावर १९८० पासून कायदा आहे, रोग पसरतात म्हणून.

तर तुमच्यापुरतं उत्तर. चौघांच्या घराला, दोन लहान मुलं असताना, पहिल्या वर्षी अर्धं जास्त होईल. पाव घ्या, म्हणजे अर्ध्यात दुसरं एक घर जोडा, आणि पुढचा-मागचा पाव असं न करता दोघांत सगळं सारखं वाटून द्यायला सांगा. नाहीतर एकाला नुसता खांदा आणि दुसऱ्याला नुसती मांडी येते. या शेतकऱ्याला फोन करून चार गोष्टी विचारा: साडेचार कुठल्या वजनावर, खाटकाचं बिल वेगळं का, खाटीक सोलतो की नाही, आणि गेल्या वर्षीच्या कलेज्यांचं काय झालं. उत्तरं नीट आली तर अनामत भरा. लाजू नका. ज्याची डुकरं चांगली आहेत त्याला असल्या प्रश्नांचा राग येत नाही, तो तासभर बोलत बसतो. माझा तर गाडीपर्यंत बोलत येतो.

पाव वाट्यात मुंडी कुणाची यावर वाद होईल. दोघांनाही नको असली तर खाटकाला टाकू नका म्हणावं आणि माझ्याकडे पाठवावी. सोर्पोतेलाला कानाची चामडी लागते, आणि माझ्या फ्रीजरमध्ये डाव्या कोपऱ्यात तेवढी जागा दरवर्षी राखून असते.